ताईच्या श्रीलंकेतला पहिला थांबा

ताई गेली तेव्हा श्रीलंकेतली एक जागा सांगायची राहिली होती.

चूक माझी.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळी घरी बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, माणसं जेवून गेली. भांडी तशीच पडली आहेत. उठवत नाही, म्हणून हे लिहीत बसले आहे.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आर्वी डेपोची कंडक्टर. आर्वी-रोहणा, आर्वी-वर्धा, आर्वी-पुलगाव. लग्न केलं नाही. मला शिकवलं, शाळेत मास्तरीण केलं, आणि स्वतः रिटायर होईपर्यंत जिल्ह्याबाहेर फारशी गेली नाही.

रिटायर झाली त्या वर्षी म्हणाली, "चाल, श्रीलंकेले जाऊ. अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाह्यचा हाय मले."

नागपूरहून धम्मसहल निघत होती. आठ दिवसांची. गेलो.

खरं तर ताई गेली. माझी नुसती बॅग गेली.

टूरवाल्या भाऊंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात यादी दिली. "मॅडम, तुम्ही शिक्षिका, तुम्हीच सांभाळा." मग मी आठ दिवस माणसं मोजली, उलटीच्या गोळ्या वाटल्या आणि घरी नवऱ्याला फोनवर कुकरच्या शिट्ट्या सांगितल्या. समुद्र होता, चहाचे मळे होते, हत्ती होते असं फोटोत दिसतं.

ताईनं मात्र आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला मोजलं नाही. खिडकीशी बसली आणि पाहत राहिली.

दोन वर्षांनी कॅन्सर निघाला.

तिला वर्ध्याला माझ्याकडे आणलं. शाळा, दवाखाना, केमो, तिची पेज, घरच्यांचा डबा. कोणता वार आहे तेही मला कळेनासं झालं होतं. चिडचिड करायचे. तिच्यावरही केली, लपवत नाही.

दुपारी शाळेतून आले की ती म्हणायची, "बस जराशी. आज दहावा थांबा."

तिनं श्रीलंकेतल्या आपल्या आवडीच्या दहा जागा काढल्या होत्या. दहाव्यापासून सुरू करून पहिल्यावर यायचं. अंगात बळ असेल त्या दिवशी एक.

आठवा थांबा गॉलचा किल्ला. तिथल्या तटावर ती चप्पल काढून बसली होती म्हणे. मला आठवत नव्हतं. मी "हं हं" करत शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज वाचत होते.

सातवा नुवारा एलिया. "सकाळी घाम, दुपारी स्वेटर, अन् दुसऱ्या दिवशी समुद्र. एवढ्याशा बेटात एवढं सारं कसं मावलं वं?"

पाचवा अनुराधपूरचा मोठा स्तूप. भर उन्हात, अनवाणी. फरशी अशी तापलेली की आमचे सगळे उड्या मारत होते आणि ताई संथपणे प्रदक्षिणा घालत होती. "मे महिन्यात आर्वीच्या स्टँडवर उभे राहा म्हना याईले."

चौथा थांबाही तिथलाच. ही गोष्ट मात्र मलाही आठवत होती, कारण त्या दिवशी माझा जीव गेला होता.

गर्दीत कोणी हरवू नये म्हणून भाऊंनी आम्हा सगळ्या बायकांना पांढऱ्या साड्या नेसायला लावल्या होत्या. लांबूनही ओळखू येतील म्हणे. नेमकी पौर्णिमा निघाली. अख्खी श्रीलंका पांढऱ्या कपड्यांत विहारात आलेली. त्यात ताई हरवली.

दीड तास शोधलं. शेवटी सापडली ती एका झाडाखाली. तिथल्याच एका कुटुंबाबरोबर बसून लाल भात आणि फणसाची भाजी खात होती. ते सिंहलीत बोलत होते, ही वऱ्हाडीत.

मी रडकुंडीला आले होते. ती म्हणाली, "काऊन घाबरली? मी आपल्याच लोकाईत तं बसली हावो."

दुसरा थांबा म्हणजे कँडीहून एल्लाला जाणारी रेल्वे. दरीत ढग, बाजूला चहाचे मळे, आणि तिकीट तपासायला आलेला माणूस. ताईनं उठून त्याला आपली खिडकीची जागा दिली.

"दिवसभर उभ्याचं काम हाय बिचाऱ्याचं. मले मालूम हाय."

तो दोन मिनिटं खरंच बसला म्हणे.

मग पहिला थांबा.

त्या दुपारी तिनं स्वच्छ गाऊन घालून घेतला होता. डोक्याला नवा रुमाल बांधून घेतला होता. मला म्हणाली, "आज मोबाईल ठेव बाजूले."

ठेवला. तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले.

"आठवते तुले? त्या दिवशी सारे पुढं गेलते, अन् आपण दोघीच मांगं राह्यलो होतो..."

एवढंच मी ऐकलं. मला झोप लागली.

जागी झाले तेव्हा तिची शाल माझ्या अंगावर होती. तिला स्वतः होऊन कूसही बदलता येत नव्हती, ती शाल तिनं कशी ओढली असेल कोण जाणे.

"ताई, सांग ना. कोणती जागा?"

"राहू दे. उद्या सांगतो. तू नीज, थकली हायेस."

दुसऱ्या दिवशी ॲडमिट केलं. तोंडात नळी. तिसऱ्या दिवशी गेली.

वर्षभर मी सगळे फोटो पाहिले. आम्ही दोघीच आहोत असा एकही नाही. आज सहलीतल्या, पुलगावच्या एक बाई आल्या होत्या. त्यांना विचारलं, आम्ही दोघी कुठे मागे राहिलो होतो का?

त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, "बाई, खरं सांगू? तुमी दोघी कधी सोबत दिसल्याच नाई."

पण आम्ही होतो. कुठेतरी, थोडा वेळ. तिच्या दहांत ती जागा पहिली होती आणि मला ती माहीतही नाही.

ताई, जय भीम.

मी अजून थकलेलीच आहे. पण आता जागी आहे.

सांग.