परतीचा डबा

रविवारी मावशीला भेटायला तिच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत गेलो होतो. शेजारच्या खोलीतल्या सुमनताईंचा मुलगा निघायच्या घाईत होता. त्याने डब्यातून शिरा आणला होता. ताईंनी तो डबा घासूनपुसून, रोजच्या चहाबरोबर मिळणारी साठवलेली बिस्किटं भरून त्याच्या हातात दिला. "रिकामा कसा देऊ रे?" म्हणाल्या.

आपल्याकडे शेजारणीचा डबासुद्धा कुणी रिकामा परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. त्या साखरेत एक ऐट असते, की माझंही घर चालू आहे. इथे खोली हवेशीर आहे, डॉक्टर आहेत, भजनाला पेटी आहे. साखरेचा डबा तेवढा नाही. आईच्या हातून स्वयंपाकघर काढून घ्यायचं आणि वर 'आता आराम कर' म्हणायचं. पोरं हे मोठ्या मायेने करतात.

मी गॅलरीत आलो. खाली फाटकापाशी मुलाने डबा उघडला आणि सगळी बिस्किटं कुत्र्यांपुढे ओतली. कुत्री आधीपासूनच त्याच्या गाडीभोवती शेपट्या हलवत उभी होती. म्हणजे हे दर रविवारचंच होतं.

तेवढ्यात ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही नका बघू," मी कसंबसं म्हणालो.

"बघते की," खाली लागलेली नजर न काढता त्या म्हणाल्या. "कुत्र्यांचं खाऊन होईपर्यंत थांबतो तरी. रिकामा डबा दिला, तर लगेच जाईल."