मशीनबाईंची रजा

हॉस्पिटलात त्यांना सगळे मशीनबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये बारा महिने एसीची थंडी. त्यामुळे बाहेर माणसं घामाने निथळत असताना ह्या बाई जाड स्वेटर घालून जिना चढून वर यायच्या आणि रांगेतले पेशंट त्यांच्याकडे बघत राहायचे. एकदा तर एका आजोबांनी, बाईंना थंडीताप असणार असं समजून, उठून आपली खुर्ची दिली. बाई बसल्या. का नाही बसणार? पाय दुखत होते!

अकरा वर्षांत त्यांनी दोन दिवसांच्या वर रजा घेतली नव्हती. लेकीच्या लग्नातसुद्धा त्या कोपऱ्यात उभ्या राहून फोनवर कुणाला तरी "आता एंटर दाबा, अहो एंटर, ते मोठं बटण" असं सांगत होत्या. अल्बममध्ये आईचा एकच फोटो आला, त्यातही फोन जास्त आणि आई कमी.

तीच लेक आता दूरच्या शहरात होती. दिवस भरत आलेले, पहिलंच बाळंतपण. तिने सांगून टाकलं होतं, "आई, मला कपडे नकोत, खेळणी नकोत. एक महिना तू ये. आख्खा महिना. आणि लॅपटॉप न घेता." बाई हो म्हणाल्या होत्या. म्हणाल्या खऱ्या, पण हॉस्पिटलच्या साहेबांना सांगायला त्यांना तीन आठवडे लागले.

साहेब माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "महिनाभर?" त्यांनी चष्मा काढला. "आणि मागे काही बंद पडलं तर?"

"नाही पडणार. नव्या मशीनमध्ये सगळं दोन-दोन आहे."

हे मात्र खरं होतं. नवं युनिक्स मशीन म्हणजे एकाच मोठ्या कपाटात चौदा सर्व्हर. लॅबचा एक, औषधांचा एक, केसपेपरचा एक. हे चौदाही व्हर्च्युअल, म्हणजे त्यांना स्वतःचं असं वेगळं खोकं नाही. कपाटातून बाहेर पडायला दोन नेटवर्क कार्डं, दोन वायरी, दोन नेटवर्क स्विच. प्रत्येक सर्व्हरला दोन्ही वाटा बांधून दिलेल्या. एक वाट तुटली की दुसरीने जायचं, आपोआप. ही सगळी बांधाबांध बाईंनी स्वतःच्या हाताने केली होती आणि मशीन ताब्यात घेतलं त्या दिवशी वायर उपटून बघितलीही होती.

"मग मला दाखवा," साहेब म्हणाले. "दिवसाढवळ्या, सगळे काउंटर चालू असताना. जमलं तर रजा मंजूर."

सोमवारी अकरा वाजता साहेब तळघरात उतरले. थंडीने त्यांचे दात वाजायला लागले. बाईंच्या शेजारी बोलघेवडे उभे होते. हे त्यांचे कामातले जोडीदार, वयाने चार वर्षांनी लहान, गुडघ्याने दहा वर्षांनी मोठे. बोलघेवडे हे नाव लोकांनी ठेवलेलं, कारण हा गृहस्थ दिवसाकाठी चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी! वर लॅबताई कागदी फॉर्मचा गठ्ठा घेऊन तयार होत्या. लॅबच्या प्रमुख त्या, बाईंच्या जुन्या मैत्रीण, संगणकावर रत्तीभर विश्वास नसलेल्या.

बाईंनी पहिली वायर ओढली.

पडद्यावर सगळं ठीक होतं. चौदाच्या चौदा सर्व्हर सांगत होते, जोडणी चालू आहे, काळजी नसावी. आणि तेवढ्यात वरून लॅबताईंचा फोन, "अगं, बंद पडलं की गं सगळं! इथे बोंबाबोंब झालीय!" पण बाईंची बोटं सवयीची. त्यांनी झरझर एक कमांड टाइप केली, सर्व्हर दुसऱ्या वाटेवर ढकलले, आणि मिनिटाभरात लॅबचे रिपोर्ट पुन्हा छापायला लागले.

"बघा," बाई कपाळ पुसत म्हणाल्या, "आलं की नाही?"

तेव्हा बोलघेवड्यांनी तोंड उघडलं. तेही नेमकं तेव्हा! "तुम्ही टाइप केलंत म्हणून."

साहेबांना संगणकातलं ओ की ठो कळत नसे, पण एवढं कळलं. "मग तुम्ही गेल्यावर कोण टाइप करणार?" असं विचारून ते वर निघून गेले. रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर तसाच राहिला.

बाईंना बोलघेवड्यांचा इतका राग आला की दुपारपर्यंत त्यांनी त्या माणसाकडे पाहिलंही नाही. पण राग ओसरल्यावर आठवलं, मशीन ताब्यात घेतलं त्या दिवशीही वायर काढल्यावर आपण हीच कमांड दाबली होती. मुद्दाम नव्हे, हाताला चैन पडत नाही म्हणून. म्हणजे तेव्हाही मशीन पास झालंच नव्हतं, पास झाल्या होत्या त्या स्वतः. आणि मशीन तर छातीठोकपणे सांगत होतं, सगळं ठीक आहे. खोटारडं मेलं!

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"कशी आहेस?"

"मस्त. मला काय होतंय?"

"आई, थापा मारू नकोस. मी तुझ्या घराखालच्या मेडिकलवाल्या काकांना विचारलंय. तीन दिवस खोकल्याचं औषध नेतेयस."

"तू त्यांना फोन करतेस?"

"मग काय करू? तुला विचारलं तर तू जन्मभर मस्तच असणार. मी तुला विचारायचं कधीच सोडलंय, बाहेरच्यांनाच विचारते." मग जरा थांबून तिने हळूच विचारलं, "आई, तू येतेयस ना? डॉक्टर म्हणाल्या, थोडं आधीही होऊ शकतं. मला भीती वाटते गं."

"येते गं बाळा," त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या ओट्याशी तशाच उभ्या राहिल्या. येते म्हणाले, पण कशी येऊ? आणि मग लेकीचं मघाचंच बोलणं त्यांच्या डोक्यात पुन्हा वाजलं. बाहेरच्यांनाच विचारते. अगं बाई! सर्व्हरचं कार्डही व्हर्च्युअल, कपाटाच्या आतच जोडलेलं. बाहेरची वायर तुटली तरी त्याला पत्ताच लागत नाही, ते आपलं ठीकच म्हणणार. जुन्या मशीनमध्ये वायर थेट कार्डात असायची, तिथे कळायचं. इथे त्याला सतत बाहेरच्या कुणाला तरी हाक मारायला लावली पाहिजे!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोलघेवड्यांच्या पुढ्यात कीबोर्ड सरकवला. "तुम्ही करा. मी नुसती सांगते." प्रत्येक सर्व्हरला त्यांनी कपाटाबाहेरच्या राउटरचा पत्ता द्यायला लावला. सर्व्हरने दर सेकंदाला त्या पत्त्यावर हाक मारायची, तीनदा ओ आली नाही की दुसऱ्या वाटेवर जायचं, कुणाला विचारायचं नाही. पहिल्या तीन सर्व्हरना बाई मध्येमध्ये हात घालत होत्या. चौथ्याला बोलघेवड्यांनी त्यांचा हात हलकेच बाजूला केला. पुढच्या दहांना बाईंनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात कोंबून ठेवले. काय यातना झाल्या म्हणून सांगू!

मग त्या स्वतःच साहेबांकडे गेल्या. "पुन्हा चाचणी घ्या. पण मी खोलीत नको. आणि वायर कधी काढणार तेही मला कळायला नको."

गुरुवार ठरला, दहा ते एकच्या मध्ये केव्हाही. लॅबताईंनी बाईंचा फोन काढून घेतला, आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि वर दटावलं, "तिकडे बस. हललीस तर बघ!"

बाई लॅबच्या बाहेर पेशंटांच्या रांगेत बसल्या. भिंतीवरच्या फलकावर टोकनचे आकडे पुढे सरकत होते. बेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीसला जरा उशीर झाला आणि बाई ताडकन उठल्या. चव्वेचाळीस नंबरच्या आजी बाथरूमला गेल्या होत्या. बाई पुन्हा बसल्या. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बारा. एकसष्ट नंबरला प्रिंटर थांबला तेव्हा त्यांचा जीव टांगणीला लागला, पण तिथे फक्त कागद संपला होता. शेजारच्या माणसाने विचारलं, "तुमची कसली टेस्ट आहे?" बाई म्हणाल्या, "फार मोठी आहे हो." त्याने बिचाऱ्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

पावणेएकला जिन्यातून लंगडत बोलघेवडे वर आले. हातात निळी वायर.

"आता काढणार?" बाईंनी विचारलं.

"काढली."

"कधी?"

"सव्वाअकरा."

"आणि तुम्ही काय टाइप केलंत?"

"काही नाही."

दीड तास! दीड तास सगळं हॉस्पिटल एका वायरीवर चाललं होतं आणि कुणाला सुगावा लागला नव्हता. कागदी फॉर्मचा गठ्ठा जिथल्या तिथे होता. खरं सांगायचं तर बाईंना आधी वाईटच वाटलं. अकरा वर्षं आपण ज्याच्यासाठी जीव टाकला त्याचं आपल्यावाचून काहीच अडलं नाही! क्षणभरच वाटलं ते. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर स्वेटरच्या बाहीने पुसले.

साहेबांनी उभ्याउभ्याच अर्जावर सही केली. लॅबताईंनी ड्रॉवरमधून फोन काढून दिला. "लेकीचा फोन येऊन गेला तुझ्या. सांगितलं मी, आई रविवारी निघतेय म्हणून."

"केव्हा आला होता?"

"दहा वाजून पाच मिनिटांनी."

"अगं, तेव्हा वायर काढलीसुद्धा नव्हती!"

"वायरीचं मला काय सांगतेस? पोरीचा आवाज ऐकला मी. तू तशीही गेलीच असतीस."

शनिवारी संध्याकाळी बाईंनी लॅपटॉपची बॅग बोलघेवड्यांच्या टेबलावर ठेवली. चार्जर ठेवला, खोलीची किल्ली ठेवली, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकला. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "रोज सकाळी एक फोन करते मी," त्या म्हणाल्या. "काही अडलं तर..."

बोलघेवड्यांनी मान वर केली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा एका दमात सहा शब्द बोलले.

"बाळाचा फोटो पाठवा. मशीनचं विचारू नका."