कुंपणापलीकडचे चार आवाज

"बघ रे बघ, शेजारी बघणारच," असं म्हणून ते अंगणातून हात हलवायचे. मी पडद्यामागे असायचो, तरीही.

परदेशातल्या आमच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातले हे शेजारी, आम्ही त्यांना अंकल म्हणायचो, वसईचे ख्रिस्ती, ऐंशीच्या घरातले. नाताळात कुंपणावरून फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोड गोळे, द्यायचे आणि "गार व्हायच्या आत खा," असा दम भरायचे. बायको वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये होती. लॉकडाउन लागला आणि भेटी बंद झाल्या. चर्चही बंद. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, असा नियम आला.

आणि नेमके तेव्हाच दर रविवारी सकाळी दहाला त्यांच्या घरातून आवाज यायला लागले. एक करडा, एक म्हातारीचा, एक रडका, एक धीमा. पडदे ओढलेले. तुम्हीही त्या दिवसांत खिडकीत उभे राहिला असाल, खोटं बोलू नका. मी तर आवाज मोजत होतो. चार! घरात चोरून मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालते, याची मला खात्रीच पटली. माझी आई पुण्यात आजारी होती आणि मला जाता येत नव्हतं. मी नियम पाळायचे आणि यांनी माणसं जमवायची? माझं डोकंच फिरलं.

"डॅड, लीव्ह हिम अलोन," लेक म्हणाली. मी पोलिसांच्या तक्रार हॉटलाइनला फोन केलाच.

पुढच्या रविवारी दहाला पोलीस आले. दारात अंकल एकटेच, एका हातात फोन, दुसऱ्या हातात पुस्तक. बायकोला फोनवर धर्मासाठी जीव दिलेल्या एका रक्तसाक्ष्याची गोष्ट वाचून दाखवत होते. मिस्सेवर बंदी असताना घराघरांत लपून ती करणाऱ्या एका फादरची. फादर, न्यायाधीश, शिपाई, आसरा देणारी म्हातारी, सगळ्यांचे आवाज स्वतःच काढायचे. पोलीस "नो वरीज, मेट," म्हणून निघून गेले. पण नर्स फोन धरायला दहाच मिनिटं यायची. ती मिनिटं पोलिसांशी बोलण्यातच संपली होती.

बुधवारी अंकलची बायको वारली. गोष्टीचा शेवट ऐकायचा राहिला.

लॉकडाउन उठल्यावर अंकलची मुलगी त्यांना दूर आपल्या घरी, गुंगालिनला, न्यायला आली. मी कुंपणापाशी गेलो. "अंकल, त्या दिवशी पोलिसांना..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "त्या फादरला शेजाऱ्याने पकडून दिलं, बाबा. त्याला ते ठाऊक होतं. पण फासावर जाईपर्यंत त्याने त्या शेजाऱ्याचं नाव घेतलं नाही. तूही घेऊ नकोस."

मग नाताळ नसताना त्यांनी माझ्या हातात डबा दिला. "गार व्हायच्या आत खा."

गाडी गेल्यावरही मी तिथेच उभा होतो. डबा उघडला, तेव्हा फुगे गार झाले होते.