गाणे ऐकणारा डबा

फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावरील आमच्या गावात क्रिस्पुलो नावाचे गृहस्थ राहतात. निकामी ठरलेल्या वस्तूला दुसरा जन्म देणे हा त्यांचा धर्म होय. मात्र त्या जन्मी ती वस्तू काय होईल, याचा भरवसा खुद्द त्यांनाही नसतो. स्वतःच्या दारावरील घंटेत त्यांनी नवे सॉफ्टवेअर घातले, तेव्हापासून कोंबडीने अंडे घातले की ती वाजते आणि पाहुणा आला की गप्प राहते.

"पाहुण्याला तोंड आहे, तो हाक मारेल," ते म्हणतात. "अंडं बिचारं काय करणार?"

त्यांचे सॉफ्टवेअर फुकटचे आणि उघडे असते. परक्या मुलखांतील अनोळखी माणसांनी ते लिहावे, कोणीही वाचावे, कोणीही बदलावे, हा त्याचा नियम. आणि या नियमावर क्रिस्पुलोंची श्रद्धा पाद्र्यांच्या प्रवचनाहून अधिक आहे.

हे सर्व ते सासूबाईंच्या घराखाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत करीत. परंतु सासूबाई एर्मोहेना यांची डुकरीण व्यायला आली आणि त्या जागेवर तिचा हक्क उत्पन्न झाला.

"डोंग, बाळा," सासूबाई जावयाला म्हणाल्या, "ती निदान पिल्लं देते. तुझ्या भंगारानं काय दिलं?"

"घंटा दिली, नानाय." सासूबाईंना ते नानाय, म्हणजे आई, म्हणत.

"माझ्या वाढदिवसाला गाण्याचं यंत्र दे. चार लोकांत माझा मान राहिला तर जागा तुझी. नाही राहिला, तर डुकरीण आत आणि तू बाहेर!"

गावचे जुने कराओके यंत्र नुकतेच बंद पडले होते. क्रिस्पुलोंनी टीव्हीचा एक टाकून दिलेला सेट-टॉप डबा उघडला, त्यात उघडे सॉफ्टवेअर भरले आणि त्याला गाणे ऐकून गुण द्यायला शिकविले.

"जुनं यंत्र बहिरं होतं, नानाय. कोणी खोकलं तरी अठ्ठ्याण्णव! माझा डबा खरंच ऐकतो."

"बरं झालं," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "आता गावाला कळेल."

काय कळेल, हे क्रिस्पुलोंच्या ध्यानी वाढदिवशीच आले. डबा शंभरापासून आरंभ करी आणि प्रत्येक बेसूर जागेला गुण वजा करी. प्रथम गावप्रमुख गायले. त्यांना सर्वजण काप म्हणतात. पडद्यावर चौतीस उमटले. पान्सितच्या शेवया तोंडाशी नेलेले काटे जागच्या जागी थांबले.

"वायर सैल असणार," काप म्हणाले.

नंतर माएस्त्रा गौदिओसा गायल्या. त्या शाळेत गणित व चर्चमध्ये गायन शिकवितात. त्यांना शहाण्णव मिळाले.

"सरका आता," म्हणत सासूबाईंनी माइक घेतला.

सासूबाईंची सुराशी ओळख रस्त्यात गाठ पडली तर तेवढीच, हे क्रिस्पुलोंना लग्नापासून ठाऊक होते. "जरा थांबा, नानाय, माइक तापू द्या!" असे ओरडून ते कीबोर्डासह डब्यामागे दडले. गुण कापणारी ओळच पुसून टाकावी असा त्यांचा विचार होता. परंतु घाईत बोट चुकले, वजाचे चिन्ह पुसले गेले आणि त्या जागी अधिकचे बसले.

सासूबाई एक जुने प्रेमगीत शेवटपर्यंत गायल्या. गल्लीतल्या कुत्र्यांनी त्यांना साथ केली. पडद्यावर दोन हजार तीनशे सत्तेचाळीस उमटले.

"नांग एर्मोहेना, अहो ताई, हे शंभरपैकी?" कापांनी विचारले.

"शंभर तुमच्यासाठी असतील," सासूबाई उत्तरल्या.

माएस्त्रा तत्काळ पुन्हा गायल्या, पहिल्याहून सुरेल. एकशे तीन! त्या डब्याजवळ आल्या.

"क्रिस्पुलो, तुझं सॉफ्टवेअर कोणीही वाचावं, असंच ना?"

"हो, माएस्त्रा." धर्म तो धर्म, नाही म्हणणे त्यांना अशक्य होते.

माएस्त्रांनी ओळी वाचल्या. त्यांचे बोट एका चिन्हापाशी थांबले. "इथे अधिक? का रे?"

"डुकरीण," एवढाच शब्द क्रिस्पुलोंच्या मुखातून निघाला.

जागेची पैज गावाला ठाऊक होती. माएस्त्रांनी क्षणभर विचार केला, आणि वाच्यता करण्याऐवजी माइक उचलला. चर्चमध्ये ज्यांनी कधी अर्धा सूर सोडला नाही, त्या बदकिणीसारख्या गायल्या. एकोणीसशे दहा. जाणूनबुजून केलेली चूक अखेर मोजूनमापूनच होते. उपजत चुकीची सर तिला येत नाही.

सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरविला. "रियाज कर, दाय, पोरी. येईल हळूहळू."

मग त्या जावयाकडे वळल्या. "डोंग, डबा शहाणा आहे तुझा. तू खालीच बस. डुकरिणीला फणसाखाली छप्पर घालू. पण एक सांगते, यापुढे त्याच्यात काडीचाही बदल करायचा नाही!"

"पण नानाय, तो उघडा आहे... कोणीही बदलावा..."

"कोणीही बदलू दे. तू नाही."

क्रिस्पुलोंनी मान डोलविली. पलीकडे माएस्त्रा कापांच्या कानाशी लागल्या होत्या, आणि काप बर्फाचे पाणी घटाघट पिऊन पुढील गाण्यासाठी घसा बिघडविण्यात गुंतले होते.