ताटातली मिठाची जागा

प्रिय अन्वी आणि ईशान,

“सोडियम एकशे चौदा,” डॉक्टर म्हणाले. “हे एकशे पस्तीसच्या वर हवं. काकू, तुम्ही बसून बोलताय हेच नवल आहे.”

मी त्यांना शांतपणे विचारलं, माझ्यासोबत आलेल्या बाईंना बसायला खुर्ची मिळेल का? त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

बाबांनी तुम्हाला फोनवर ‘आजीला चक्कर आली’ एवढंच सांगितलं असेल. खरं काय झालं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे तुमच्या घरात कोणाला असं झालं तर वेळेवर ओळखता येईल.

उन्हाळ्यात माझं बीपी वाढलं. डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. कमी म्हणजे कमी, हे आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. मी मीठ बंदच केलं. वरण अळणी, भाजी अळणी. शिवाय फोनवर आलेला कुठलासा संदेश वाचून रोज चार लिटर पाणी प्यायला लागले.

माझी वही तुम्हाला माहीत आहे. तिच्यात रकाने आखले. भाकरी-भात म्हणजे कर्बोदकं, शरीराचं इंधन. डाळ, दही म्हणजे प्रथिनं, झिजलेलं भरून काढणारी. तेल-तूप म्हणजे स्निग्ध पदार्थ, साठवणीची ऊर्जा. मग पाणी. शेवटचा रकाना मिठाचा, त्यात रोज शून्य. त्या शून्यांचा मला अभिमान वाटायचा.

आपल्याकडे ताट वाढताना आधी मीठ वाढतात, लिंबाच्या फोडीशेजारी. मी ती जागा रिकामी ठेवू लागले.

आधी पाय जड झाले. मग मळमळ. एकदा झारा हातात धरून मी बराच वेळ उभी होते, त्याला काय म्हणतात ते आठवेना. आणि एका दुपारी साडेबाराला स्वयंपाकघरात माझ्यासमोर एक बाई बसलेली होती.

राखाडी लुगडं, डोक्यावर पदर. चेहरा ओळखीचा नव्हता. मी घाबरले नाही, हेच आता सगळ्यात विचित्र वाटतं. ती माझ्या ताटातल्या त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मी तिचंही ताट वाढलं. पाहुणीला अळणी कसं वाढायचं, म्हणून डबा काढून तिच्या ताटात चिमूटभर मीठ ठेवलं. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी भांडी घासायला येणाऱ्या शांताबाई ऐन जेवणाच्या वेळी आल्या आणि त्यांनी वाढलेली दोन ताटं पाहिली.

“आजी, हे दुसरं ताट कोनाचं हो?”

“या बाईंचं.”

शांताबाईंनी समोर पाहिलं, मग माझ्याकडे. “मले तं कोनी दिसून नाही राह्यलं. तुम्ही काऊन अशा बोलून राह्यल्या?” मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “चाला, दवाखान्यात. पावनीले बी घ्या संगं.” त्या थट्टा करत होत्या, पण माझा दंड धरून मला उठवतही होत्या. पाहुणी खरंच आमच्यासोबत रिक्षात बसली.

रक्त तपासलं, डोक्याचा सीटी स्कॅन झाला. त्या वेळी तुमच्या बाबांचा फोन चालू होता आणि मला सगळं ऐकू येत होतं. “डॉक्टर, हा डिमेन्शिया असेल तर तिला आता एकटं ठेवता येणार नाही. घर बंद करून पुण्याला एखाद्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल.” त्यांचं चुकत नव्हतं. शांताबाईंनी माझी वही सोबत आणली होती आणि त्यातली चार पानं बाबांना वाचून दाखवली होती. माझ्याच वळणदार अक्षरात रोज साडेबाराची नोंद होती: ‘पाहुणी जेवली.’ ती मी कधी लिहिली, मला आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी मात्र वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. “पाणी चार लिटर. मीठ शून्य. वर ही गोळी. काकू, आजार तुम्ही स्वतःच लिहून ठेवलाय.”

याला हायपोनेट्रिमिया म्हणतात, म्हणजे रक्तातलं सोडियम फार कमी होणं. मिठातलं सोडियम नसांमधून निरोप नेतं आणि पेशींच्या आतबाहेर पाण्याचा तोल राखतं. ते घटलं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, पेशी फुगतात आणि माणसाला नसलेलं दिसू लागतं. ते झटकन वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून आयसीयूत सलाईन थेंबाथेंबाने. दर काही तासांनी रक्त काढायचे. एकशे सतरा. एकशे एकवीस. पाहुणी पलंगाच्या पायथ्याशी बसून असायची. आकडा वाढला की ती थोडी फिकी व्हायची. एकशे एकोणतीस आला त्या सकाळी तिथे फक्त पडदा होता. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडं एकटंही.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली. मी कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवलं, शंभरातून सात-सात वजा केले. “डिमेन्शिया नाही,” ते फोनवर बाबांना म्हणाले. घराची किल्ली माझ्याकडेच राहिली.

डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण शांताबाईंचे जास्त. तुम्ही कोणी अशी गोळी घेत असाल तर मीठ आणि पाणी किती ते डॉक्टरांना विचारा, फोनवरच्या संदेशांना नको.

एक गोष्ट मी बाबांना सांगितलेली नाही. घरी आल्यावर शांताबाई भांडी घासताना म्हणाल्या, “आजी, त्या चार दिवसांत घासाले ठेवलेल्या दुसऱ्या ताटातलं अन्न जसंच्या तसं राहे. मीठ तेवढं नसे.”

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ते मीच खाल्लं असणार. शरीर मागत होतं. तसंच असेल. आता मी एकच ताट वाढते. आधी चिमूटभर मीठ, मग बाकी सगळं. आणि पहिला घास घेण्याआधी एकदा समोर पाहते.

तुमची,
आजी