तीन शिट्ट्यांचा तास

“तीन झाल्या. पुसा!”

चार वर्षं मी हे वाक्य छतातून ऐकलं. आधी कुकरच्या तीन शिट्ट्या, मग हा हुकूम, मग खुर्च्या सरकवल्याचा कर्कश आवाज आणि तीन पोरांची धावाधाव. सकाळी दहाला मी पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसावं आणि वर हे सुरू व्हावं. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, वाटलं, सुटले एकदाची घंटेच्या तावडीतून. कसली सुटतेय! कोडं रोज अर्धं राहायचं.

सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत ती माझ्या बरोब्बर वरच्या फ्लॅटमध्ये राहायची. नवरा बोटीवर, सहा महिने समुद्रात, तीन महिने सोफ्यावर. मुलं तीन, आणि तिन्ही घरीच शिकायची. शाळा नाही, क्लास नाही, आईच मास्तरीण. अंगाने किरकोळ, केसांचा कसाबसा बुचडा आणि त्यात खोचलेला खडू. तुमच्याही इमारतीत अशी एखादी असेलच, जिला सुनवायला म्हणून जिना चढावा आणि चहा पिऊन उतरावं.

मी पहिल्यांदा वर गेले ती तक्रार करायलाच. दार उघडं होतं. स्वयंपाकघरात ती एका हाताने भाजी परतत होती आणि दुसऱ्या हाताने ओट्याच्या काळ्या दगडावर खडूने लिहीत होती. हो, ओट्यावर! गॅसच्या डावीकडे धाकट्या पिऊची बेरीज, मध्ये ईशानचे अपूर्णांक आणि पार सिंकच्या बाजूला थोरल्या मुक्ताचं समीकरण. तिघं ओट्यापुढे खुर्च्यांवर ओळीने बसलेली. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली, हिने हुकूम सोडला आणि ओल्या फडक्याने सगळं साफ केलं. त्याच जागी पोळपाट-लाटणं आलं.

“अगं, तिचं समीकरण अर्धं होतं!” मी ओरडलेच.

“काकू, टेन्शन नका घेऊ. उरलेलं उद्या.”

“गणित म्हणजे काय कालची उसळ आहे?”

ती खो खो हसली आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. खुर्च्यांचं बोलायचं राहूनच गेलं.

लॉकडाऊनमध्ये शाळा सगळ्यांच्याच घरी आली. नंतर बाकीच्यांनी मुलांना परत शाळेत धाडलं, हिने धाडलं नाही. मुक्ताची तेव्हा पाचवी झाली होती. कारण विचारलं तर म्हणायची, “तिघं एकत्र जेवतात, एकत्र शिकतात. घरात काय तुकड्या पाडायच्या, काकू?” एकत्र हा तिचा फार लाडका शब्द. मुक्ताचे अणू-रेणू असले की सहा वर्षांच्या पिऊलाही अणू-रेणू. पिऊची कविता असली की चौदा वर्षांच्या मुक्तानेही हातवारे करून म्हणायची. मुक्ता म्हणायची बिचारी.

एकदा भरती-ओहोटीचा धडा म्हणून तिने सगळ्यांना सारसोळ्याच्या जेट्टीवर नेलं. मलाही ओढलं. तिथे एक म्हातारी कोळीण पाटीत मांदेली घेऊन बसली होती. आमच्या वरातीकडे बघून तिने विचारलं, “शाला नाय का आज पोरांना?”

“हीच शाळा,” ही म्हणाली.

“नि मास्तरीन कोन हाय?”

पिऊने सरळ त्या कोळिणीकडेच बोट दाखवलं. म्हातारी हसून हसून बेजार झाली आणि मग तिने खरंच शिकवलं. पाणी केव्हा चढतं, केव्हा उतरतं, होडी कधी काढायची. खोटं कशाला बोलू, मलाही चार गोष्टी नव्याने कळल्या. पण परत येताना रिक्षात माझं लक्ष गेलं. ईशानला होडीचं चित्र काढून देत होती मुक्ता. पिऊला सगळं पुन्हा समजावत होती मुक्ता. आणि मुक्ताची स्वतःची वही पिशवीतून बाहेरच आली नव्हती.

तेव्हापासून माझं डोकं तापायला लागलं.

“अगं, पुढच्या मार्चमध्ये तिची दहावी आहे,” मी हिला जिन्यात गाठून म्हटलं.

“आहे ना. येतंय तिला सगळं. धाकट्यांना शिकवते म्हणजे येतंयच की!”

आता हिच्यापुढे डोकं आपटायचं की जिन्याच्या कठड्यावर, तुम्हीच सांगा. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मी मागे लागून लागून तिच्याकडून भरून घेतला. त्यासाठी मुक्ताचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, तो ऐन वेळी सापडेना. शेवटी पिऊच्या चित्रांच्या ढिगात सापडला. पाठीमागे सूर्य आणि दोन डोंगर काढलेले. ही पोट धरून हसली. मुक्ता हसली नाही. तिने दाखला ओढणीने पुसला आणि माझ्या हातात दिला.

त्या संध्याकाळी ती एकटी खाली आली. “आजी, मला बाबांसारखं बोटीवर जायचंय. इंजिनवर. गणितात कमी पडले तर सायन्सला नाही घेणार ना?”

“उद्यापासून दुपारी माझ्याकडे यायचं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिघं आली! आईचा निरोप होता, एकत्र बसवा. मी दोघांना तिथल्या तिथे परत पाठवलं आणि दाराला कडी लावली.

मुलगी हुशार होती हो. वर्गसमीकरणं भराभर समजली. जानेवारीत मी तिची सराव परीक्षा घेतली. खऱ्यासारखी, सकाळी, दोन तासांची. वीस मिनिटं छान चाललं. मग वरून शिट्टी ऐकू आली आणि मुक्ताने मान वर केली. दुसरीला पेनला टोपण लावलं. तिसरी झाली आणि ती उठली. पुढचं गणित अर्धं.

“कुठे निघालीस?”

“पिऊचं तपासायचंय, आजी.”

“बस खाली!”

बसली. पण त्यानंतर एक ओळ धड उतरली नाही. सारखं छताकडे लक्ष. न येणारी मुलं मी ढिगाने पाहिली होती, पण येत असून गणित अर्धं टाकून उठणारी ही पहिलीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच वर गेले.

“तू पोरीला शिकवतेस की राबवतेस? शिट्टी झाली की उठते ती! परीक्षेत कुठे बाहेर कुकर वाजला तर पेपर सोडून येईल!”

तिचं लाटणं थांबलं. “असं काय बोलता, काकू?”

“खोटं आहे का? तुझ्या या ओट्यावर तिचं समीकरण शेवटचं कधी पूर्ण झालं, सांग.”

ती ओट्याकडे बघत राहिली. सिंककडच्या कोपऱ्यात खडूची अर्धी ओळ होती. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

“मी थोरली होते घरात,” ती म्हणाली. “पाच जणांत. आई म्हणायची, तू घे त्यांचं, तुला येतं. दहावीला दोनदा बसले मी, काकू. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या घरात कुणाला वेगळं काढायचं नाही. आणि मी तेच...”

मला अजून बरंच सुनवायचं होतं, ते तसंच राहिलं. मी गॅस बंद केला आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात ती, मूठ आवळलेली. मूठ उघडली तर आत कुकरची शिट्टी.

“ही तुमच्याकडे ठेवा, परीक्षा होईपर्यंत. घरात असली की लावली जाते.”

मग दोन महिने वर भात पातेल्यात शिजला. कधी गिच्च गोळा, कधी तळाला लागलेला. डाळीचं तर विचारू नका. ईशान एकदा खाली येऊन अगदी काकुळतीने म्हणाला, “आजी, शिट्टी द्या ना, डाळ कचकच लागते.” मी दिली नाही. पोळ्या ती जेवणाच्या टेबलावर लाटायला लागली. सिंककडची बाजू कुणी पुसायची नाही असा नवा हुकूम निघाला. पिऊचे पाढे तपासायचं कामही ती स्वतः करू लागली, आणि चुकायचीही.

परीक्षेचं केंद्र कोपरखैरण्याला आलं. गणिताच्या दिवशी फाटकाबाहेर आम्ही दोघी. मी पायरीवर बसले, ती बसेना. दर पाच मिनिटांनी, “किती झाले, काकू?” तासाभराने दोन-तीन मुलं बाहेर पडली. हिचा जीव नुसता टांगणीला. शेवटची घंटा झाली, लोंढा निघून गेला, आणि सगळ्यांच्या मागून मुक्ता आली.

“सगळं सोडवलं. दहा मिनिटं उरली होती. बसून राहिले, तपासलं.”

“बसून राहिलीस?” तिने विचारलं. मग पुन्हा, “बसून राहिलीस?” आणि रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, पोरीला मिठी मारून रडायला लागली. मीही चष्मा पुसला, लपवून काय करू.

निकाल लागायच्या आधीच वरचा फ्लॅट रिकामा झाला. नवऱ्याला दुसऱ्या बंदरात जमिनीवरची नोकरी मिळाली आणि महिनाभरात सगळं बिऱ्हाड हललं. मुक्ता पास झाली. गणितात मला वाटलं होतं त्याहून बरेच जास्त गुण मिळाले. सायन्सला गेली आता, एकटी बसने जाते कॉलेजला.

शिट्टी माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिली. फोन करून म्हटलं, कुरिअरने पाठवते.

“राहू द्या, काकू. नवी घेतली. ईशानच्या दहावीला हीसुद्धा तुमच्याकडेच पाठवायची आहे.”

“म्हणजे? तोही घरीच?”

“मग? दोघं एकत्र!”

मी रागाने फोन ठेवून दिला. इतकं होऊनही! तिची पद्धत मला तेव्हा पटली नाही आणि आजही पटत नाही.

वर आता एक नोकरदार जोडपं राहतं. साडेआठला कुलूप लागतं ते रात्रीच निघतं. दहाला मी पेपर घेऊन बसते. बसल्या बसल्या कान वर जातात, मग ड्रॉवर उघडून शिट्टी आहे ना बघते आणि पुन्हा पेन हातात घेते. कोडं हल्ली रोज पूर्ण सुटतं. काही मजा नाही त्यात.