इमाम हवालदारांनी ओढलेला अंगठा

इमाम हवालदार चपलेचा अंगठा असा ओढत, की चपलेच्या मालकिणीचाच जीव कळवळे. सहलीच्या आदल्या संध्याकाळी रहिमतपूरच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या आवारात आम्ही तिघी शिक्षिका आणि सातवीच्या सहा मुली वहाणा हातात धरून रांगेत उभ्या होतो. पलटणीतून पेन्शनीवर आलेले हे आमचे कवायतीचे मास्तर एकेक वहाण ओढून, वाकवून बघत होते. माझ्या चपलेचा अंगठा तटकन तुटला. मी हिरमुसले, त्यांना मात्र केवढा आनंद झाला.

"लय झ्याक झालं, बाई. हितं मोची जवळ हाय."

मग फिरकीच्या तांब्यांची पाळी. पाण्याने भरलेला प्रत्येक तांब्या ते स्वतःच्याच डोक्यावर उलटा धरत. एक गळका निघाला आणि हवालदार नखशिखांत भिजले. मुलींची हसून हसून पुरेवाट झाली, पण दुसऱ्या दिवशी गळका तांब्या कुणी आणला नाही. त्यांच्या स्वतःच्या पिशवीत दोरी, शिट्टी, हळद आणि धुतलेल्या चिंध्या असत. आपण कोणत्या वाटेने चढणार आणि कधी उतरणार, हे पायथ्याच्या गावात कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते डोंगराला पाय लावत नसत. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, हे कबूल करते.

ती सहल जरंडेश्वराची होती. आदल्या रात्री मला उत्साहाने झोप नव्हती, पण माझं कारण मुलींपेक्षा वेगळं होतं. धाकटा भाऊ वसंता पलटणीतला नाईक, ब्रह्मदेशच्या लढाईत होता आणि चार महिने त्याचं पत्र नव्हतं. शनिवारी कडकडीत उपास करून डोंगरावरच्या मारुतीला जाईन आणि भावाला सुखरूप मागून घेईन, असं मी मनाशी ठरवलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

पायथ्याशी हवालदारांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असे, "पोटात काय?" मुलींनी भाकरी, दशमी, काय काय सांगितलं. मी बिनदिक्कत म्हणाले, पिठलं-भाकरी.

आणि निघालो! खाली कृष्णा चमकत होती, मुली एकमेकींना अजिंक्यतारा दाखवत होत्या, मीही त्यांच्या बरोबरीने भराभरा चढत होते. देवळातली घंटा ऐकू येऊ लागली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पाय कडेवरून घसरला. हवालदारांनी दंड धरला म्हणून मी वाचले. मला बसवून त्यांनी पाणी पाजलं, तोंडाकडे पाहिलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता मला खरं सांगावं लागलं.

त्यांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना माघारी फिरवलं. देऊळ पाव तासावर होतं. मुलींना घेऊन बाकीच्या शिक्षिका वर जायला तयार होत्या, पण तुकडी फोडायची नाही, हा त्यांचा नियम. मला संताप आला. माझा भाऊ परत आला नाही तर, असं मी रडत विचारलं.

ते माझ्यासमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "आन त्यो आला, पर तुमीच न्हाईसा, तर त्येला तोंड कसं दावू मी? रोजं मीबी धरतो, बाई. उपास हाय म्हनून सांगितलं असतंसा, तर शेंगदाणं-गूळ हुता की खिशात."

लढाई संपली आणि वसंता आला. हडकलेला, पण धडधाकट. राहिलेला नवस फेडायला आम्ही नऊजणी आणि हवालदार पुन्हा निघालो, अकरावा तो. आदल्या संध्याकाळी त्यालाही रांगेत उभं राहावं लागलं. हवालदारांनी त्याच्या पलटणीच्या बुटांची नाडी ओढली, ती तुटली, आणि ब्रह्मदेशाहून आलेला नाईक मुकाट्याने नवी नाडी आणायला बाजारात गेला.

पायथ्याशी प्रश्न आला. मी म्हणाले, काही नाही, उपास आहे. त्यांनी खिशातली पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली आणि शेवटचा दाणा खाऊन होईपर्यंत समोरून हलले नाहीत.

शेवटच्या पायऱ्या मी लुगडं आवरून पळत चढले. विद्यार्थिनींसमोर, बाई असून! दोन्ही हातांनी घंटा वाजवली. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

दर्शन घेऊन आलो तेव्हा हवालदार बाहेर झाडाखाली होते. त्यांनी नेहमीप्रमाणे माणसं मोजली. मग पाय जुळवून ते वसंतासमोर ताठ उभे राहिले.

"नाईक, तुमच्या माघारी भईन संबाळली. नीट बगून ताब्यात घ्या."

वसंता हसेल असं मला वाटलं. त्याने टाचा जुळवल्या, मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि कडक सलाम ठोकला. मी तिथेच, मुलींच्या देखत, ढसाढसा रडले.